दुसरी गाठ

होडी खाडीच्या मध्यावर येईपर्यंत सगुणाचं धोंडूकडे लक्षही नव्हतं. मांडीवरची कातड्याची बॅग दोन्ही हातांनी धरून ती पाण्याकडे बघत बसली होती. बॅगेत कात्री, चिमटा, उकळून वाळवलेल्या पट्ट्या आणि आयोडीनची बाटली. खाडीपलीकडे भाट्यात एका बाळंतिणीचे टाके काढायचे होते आणि ऊन चढायच्या आत रत्नागिरीला, हॉस्पिटलात परतायचं होतं. मासळी विकून परतणाऱ्या दोघी कोळणी रिकाम्या टोपल्यांवर बसून कुणाच्या तरी लग्नाबद्दल बोलत होत्या. तेवढ्यात धोंडूने वल्हं पाण्यातून वर काढलं आणि ते पुन्हा न टाकता तसंच हवेत धरलं. दुसरा हात त्याने उजव्या कुशीत दाबला. जेमतेम एक श्वासभर. मग वल्हं पाण्यात पडलं आणि होडी पुढे सरकली.

"काय झालं, धोंडूमामा?"

"काय नाय गो बाय. जरा कळ येता."

"टाके घातले होते तिथे?"

"नाय, नाय. ती बाजू आता लोखंडासारी हाय. ह्या दुसऱ्या अंगाला." तो हसला. "डॉक्टरानं डावीकडचा काढलान, म्हणून उजवीकडचा रुसला असंल."

कोळणी हसल्या. सगुणाही हसली. पण तिच्या उजव्या हाताची दोन बोटं बॅगेच्या कातड्यावर दाबली गेली होती, आणि ती तिथे काहीतरी चाचपत आहेत हे तिला हसता हसता कळलं. तिने हात उचलून पदराखाली घेतला.

गेल्या श्रावणात धोंडूला डोलीतून हॉस्पिटलात आणलं होतं तेव्हा त्याचं पोट मृदंगासारखं ताणलेलं होतं. पाच दिवस शौचाला नाही, वारा सरत नाही, पाणी घेतलं तरी उलटी. डॉक्टर मायदेव मुंबईत शिकलेले. तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात वर्षभर शस्त्रक्रियेच्या खोलीत काम करून रत्नागिरीला आलेले आणि बारा खाटांचं स्वतःचं हॉस्पिटल काढून बसलेले. त्यांनी पोटावर हात ठेवला, मागून बोट घालून पाहिलं, आणि बाहेर येऊन हौसाला, धोंडूच्या बायकोला, सांगितलं की आतड्यात गाठ आहे, वाट बंद झाली आहे. पावसाळ्यात बोटी बंद. घाटातून मोटारीने मुंबईला न्यायचं तर तो वाटेतच जाईल. "इथेच करतो," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात भीती होती आणि तिच्याखाली थोडा आनंदही होता, हे सगुणाने तेव्हाही ओळखलं होतं. डॉक्टरांच्या हातून अशी शस्त्रक्रिया आधी कधी झाली नव्हती.

आता वल्ह्यांच्या आवाजात तिला तो दिवस पुरता आठवत होता. खिडकीशी टेबल ओढलेलं. बाहेर पाऊस धरलेला, म्हणून दिवसाउजेडीही पेटवलेली गॅसबत्ती आणि तिची सूं. डोक्याशी काशीराम कंपाउंडर, क्लोरोफॉर्मचे थेंब टाकत, दुसऱ्या हाताची बोटं धोंडूच्या कानापुढच्या नाडीवर. समोर डॉक्टर. आणि ती स्वतः, हातात रबरी मोजे, जे सायकलच्या ट्यूबसारखे दोनदा ठिगळ लावून उकळलेले. डाव्या बाजूला, आतडं जिथे नागमोडी वळतं तिथे, गाठ होती. जणू कुणी आतड्याला दोरीने करकचून आवळलं होतं. डॉक्टरांनी तो वेढा बाहेर घेतला आणि म्हणाले, "बाई, बाकीचं सांभाळा. बाहेर येऊ देऊ नका." फुगलेलं आतडं गरम पाण्याच्या फडक्याखाली दाबून धरण्यासाठी तिने हात आत सरकवला. तो हात उजवीकडे खाली गेला. तिथे, फुगलेल्या मऊपणाच्या आड, तिच्या दोन बोटांना काहीतरी कठीण लागलं. सुपारीएवढं. एका अंगाने चपटं.

तिने मान वर केली होती. तोंडही उघडलं असेल. त्याच क्षणी काशीराम म्हणाला, "डॉक्टर, नाडी लागत नाही." मग सगळं धावपळीत गेलं. मुखवटा काढला, पाय वर केले, सुई टोचली. डॉक्टरांनी बाहेर काढलेला वेढा गाठीसकट पोटाबाहेरच ठेवून कडेने शिवून टाकला आणि झरझर टाके घातले. नाडी परत आली तेव्हा पोट बंद झालेलं होतं. तिने फडकी मोजली. फडकी बरोबर होती.

त्यानंतर आठ महिने ती स्वतःला सांगत आली होती की तो मळाचा खडा असणार. पाच दिवस तुंबलेल्या पोटात मळाचे खडे असायचेच. मळाचा खडा दाबला की दबतो, कणकेच्या गोळीसारखा त्यात खळगा पडतो आणि तो तसाच राहतो. हे तिला डॉक्टरांनीच शिकवलं होतं. तिने दाबून पाहिलं होतं आणि तो दबला होता. म्हणजे, दबला होता असं तिला आठवत होतं. ही आठवण तिने इतक्या वेळा हाताळली होती की तिच्या कडा झिजून ती गुळगुळीत झाली होती. आणि आज त्या माणसाने पाण्याच्या मध्यावर कुशीत हात दाबला तेव्हा तिच्या बोटांना, मेंदूला न विचारता, खरं ते आठवलं. ते दबलं नव्हतं.

बाळंतिणीचे टाके तिने व्यवस्थित काढले. बाळाला पाहिलं, आईला गरम पाण्याने शेकायला सांगितलं, दिलेला चहा घेतला. माडांच्या सावलीतून धक्क्याकडे परत येताना मात्र तिची पावलं मंदावली. होडी लागलेली होती. धोंडू वाळूत बसून विडी ओढत होता. दुसरं माणूस नव्हतं. तिने वाकून त्याच्या डोळ्याची खालची पापणी बोटाने ओढली. आतला रंग पांढराफटक होता.

"धाप लागते?"

"भरती उलटी असली की लागता. वय झाला."

"शौचाला काळं होतं?"

"ता काय बघत बसू काय मी?" तो संकोचला. मग म्हणाला, "काळपट व्हता कधी कधी. पन वाट मोकळी हाय, बाय. अडकत नाय काय. डॉक्टरानं काम चोख केलान. गाठ मला बरणीत दाखवलान ना! मी म्हटला, एवढीशी ही, आनि माझ्यासारख्याला आडवा केलान."

पोटाबाहेर ठेवलेला वेढा डॉक्टरांनी दोन दिवसांनी गाठीसकट कापून टाकला होता, आणि त्या श्रावणानंतर दोन महिने धोंडू पोटावरच्या भोकाला, शौच आता तिथूनच होई, फडकं बांधून राहिला होता. लाज इतकी, की हौसालाही खोलीबाहेर काढायचा. रोज दोनदा ती जागा धुऊन साफ करायचं काम सगुणाचं होतं. पुढे डॉक्टरांनी भोक मिटवलं आणि दिवाळीला तो पुन्हा वल्ह्यावर बसला. पहिल्या दिवशी आंब्याची पानं लावलेली होडी घेऊन तो रत्नागिरीकडच्या राजिवड्याच्या धक्क्यावर आला आणि हॉस्पिटलच्या माणसांना फुकट पलीकडे नेऊन आणलं. काशीराम त्या दिवशी भाषण केल्यासारखा बोलला होता. डॉक्टर नुसते हसत होते. त्यांच्या टेबलामागच्या कपाटात वरच्या फळीवर ती बरणी होती. येणाऱ्या-जाणाऱ्या वकिलांना, मास्तरांना ते ती उजेडात धरून दाखवत, "अख्खी निघाली. काठ स्वच्छ." सगुणा त्या वेळी कपाटाच्या काचा पुसत असली तर पुसतच राहायची.

बोलणं म्हणजे काय हे तिला ठाऊक होतं. मुरुडला सासर. एकोणिसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं, आणि सासऱ्यांनी, जगाचं ऐकून घेऊन, तिला पुण्याला परिचारिकेचं शिक्षण घ्यायला पाठवलं. तिथे दुसऱ्या वर्षी एका शस्त्रक्रियेत ती फडकी मोजत होती. एक कमी भरलं. टाके घालायला घेतलेल्या सर्जनला ती म्हणाली, "साहेब, एक फडकं आत राहिलंय." त्यांनी घातलेले टाके उसवले. वीस मिनिटं शोधलं. फडकं बादलीच्या तळाला चिकटलेलं सापडलं. रोगी बाई त्या वीस मिनिटांनी दगावली नाही, पण दगावली असती, असं सर्जन सगळ्यांसमोर म्हणाले. महिनाभर सगुणाने नुसत्या बाटल्या धुतल्या. ती फार रडली नाही. तिने एक गोष्ट तेवढी शिकून घेतली. त्या खोलीत नर्सला हात असतात, तोंड नसतं. पंधरा वर्षं ही शिकवण तिच्या उपयोगी पडली होती. डॉक्टर मायदेव लोकांना सांगत, "सगुणाबाईंसारखी नर्स नाही. एक अक्षर बोलत नाही."

होडी राजिवड्याला लागली. "उद्या हॉस्पिटलात या," ती उतरताना म्हणाली. "यायचं म्हणजे यायचंच. हौसाबाईंना घेऊन."

धोंडूने तिच्याकडे नीट पाहिलं. माणसं पलीकडे पोचवण्यात आयुष्य गेलेला माणूस तो. कोण सासरी निघालंय आणि कोण कोर्टात हरून आलंय हे त्याला चेहऱ्यावरून कळायचं. "येतंय," म्हणाला.

दुपारी तीनला डॉक्टर टेबलाशी एकटेच होते. सगुणा दारात उभी राहिली. त्यांनी मान वर केली तेव्हा तिला वाटलं, अजून परत जाता येईल. उद्या धोंडू येईल, डॉक्टर तपासतील, त्यांना जे सापडायचं ते सापडेल. आपण मध्ये कशाला? हा विचार इतका शहाणा होता की ती त्याच्यासाठी थोडी थांबलीसुद्धा. मग ती आत आली.

"धोंडूच्या उजव्या कुशीत दुखतंय. रक्त कमी झालंय. मी त्याला उद्या बोलावलंय."

"बरं केलंत."

"गेल्या वेळी पोट उघडलं होतं तेव्हा," ती म्हणाली, आणि आपला आवाज फार मोठा येतोय असं तिला वाटलं, "उजवीकडे माझ्या हाताला एक गाठ लागली होती."

डॉक्टरांनी दौतीचं झाकण लावलं. "कुठल्या वेळी?"

"श्रावणात. तुम्ही डावीकडची काढत होता तेव्हा. मी आतडं दाबून धरलं होतं."

"मळ असेल."

"दबली नाही."

"आज आठवतंय तुम्हाला? आठ महिन्यांनी?" ते उठले. "तेव्हा का बोलला नाहीत?"

तिच्याकडे उत्तर होतं. नाडी गेली होती, पुण्याचं फडकं, पंधरा वर्षं. ती सगळी उत्तरं तिने आत पाहिली आणि त्यातलं एकही तिला डॉक्टरांपुढे ठेवण्याजोगं वाटलं नाही. डॉक्टर खिडकीपाशी गेले, परत आले. "आता हे मला सांगून तुम्हाला काय हवंय? मी हातात घेतलेला रोगी मी अर्धवट सोडला, असंच ना? जा तुम्ही. जा, कामाला लागा."

ती कामाला लागली. खाटांच्या चादरी बदलल्या, एका पोराच्या कानात औषध घातलं. ती दुखावली गेली नव्हती याचं तिला नवल वाटलं. उलट छातीत एक मोकळी, गार जागा झाली होती, जिथे आठ महिने काहीतरी ठेवलेलं होतं. पण ते उचललं म्हणून धोंडूच्या पोटातलं काही हललं नव्हतं. बोलून ती एकटीच हलकी झाली होती. या हलकेपणाची तिला लाज वाटू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर सगळ्यांच्या आधी आलेले होते. टेबलावर एक जाड इंग्रजी पुस्तक उघडं होतं. डोळे तांबारलेले. "बसा," ते म्हणाले. ती त्यांच्यासमोर कधी बसली नव्हती. बसली. "यात लिहिलंय," पानावर बोट ठेवून ते म्हणाले, "मोठ्या आतड्यात एक गाठ सापडली म्हणजे ती एकटीच आहे असं धरू नये. एकाच रोग्याच्या आतड्यात दोन दोन, तीन तीन निघतात. एकीचा दुसरीशी संबंध नसतो. ज्या त्या आपल्या जागी उगवतात. म्हणून पोट उघडल्यावर सगळं आतडं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, हाताने चाचपून बघावं." ते थांबले. "हे मी वाचलेलं होतं, बाई. परीक्षेला लिहिलं होतं. आणि एक सापडल्यावर मला इतकं..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "नाडी गेली नसती तरी मी बघितलं असतं असं मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही."

कपाटाच्या वरच्या फळीवर बरणी नव्हती.

धोंडू आला. खाटेवर उताणा झोपवून डॉक्टरांनी उजव्या कुशीत हात ठेवला, आणि त्यांना दाबावंही लागलं नाही. लिंबाएवढी गाठ बोटांखाली सरकत होती. मागे कुठे चिकटलेली नव्हती, एवढं एक बरं. त्यांनी हौसाला बाहेर नेऊन सांगितलं, पुन्हा पोट उघडावं लागेल. मुंबईला नेलंत तर फार चांगलं, तिथे माझे गुरू आहेत, मी पत्र देतो. धोंडूने आतूनच ओरडून सांगितलं, "मी खय जानार नाय. मुंबईत माझा धाकटा भाऊस गेला ता परत इला नाय." डॉक्टरांनी तरी गुरूंना पत्र लिहिलं. बोटीच्या डाकेने उत्तर आलं. त्यात पायरीपायरीने सगळं लिहिलेलं होतं आणि शेवटी एक ओळ, आधी पंधरा दिवस त्याचं रक्त वाढवा. म्हणून धोंडूला दाखल करून घेतलं. कलेजी, लोहाचं औषध, दूध.

त्या पंधरा दिवसांत एकदा व्हरांड्यात डॉक्टर हळूच म्हणाले, "त्याला नवी गाठ आली असं सांगितलंय. तेवढं पुरे. जुनी म्हणून काय, नवी म्हणून काय, करायचं ते तेच आहे. उगाच त्याचं मन कशाला बिघडवायचं?" ते चूक बोलत नव्हते. सगुणाला त्यात खोट काढता येईना. नवी म्हटली की ती कुणाचीच नव्हती, आकाशातून पडल्यासारखी. पण रोज सकाळी ती दूध घेऊन गेली की धोंडू तिचे आभार मानायचा. "तू पापनी ओढून बघितलास म्हणून, बाय. नायतर मी वल्ह्यावरच गेला असता." हौसानेही एकदा तिच्या ओंजळीत सुरंगीचा वळेसर ठेवला. विधवेला फुलं कशी द्यायची हे लक्षात येऊन ती ओशाळली आणि म्हणाली, "देवाला वाहा." ती फुलं सगुणाने देवाला वाहिली नाहीत. खिडकीत ठेवली. त्यांचा वास दिवसभर खोलीत भरून राहिला.

दुसऱ्या सकाळी ती धोंडूच्या खाटेशी स्टूल ओढून बसली. हौसा पायाशी बसली होती.

"ही गाठ नवी नाही, धोंडूमामा. श्रावणात होती. माझ्या हाताला लागली होती. मी बोलले नाही."

धोंडूने पेला खाली ठेवला. हौसा काही न समजून दोघांकडे बघत होती.

"तवाच काढली असती तर?" तो म्हणाला.

"तेव्हा तुमची नाडी गेली होती. कदाचित टेबलावरच गेला असता. कदाचित वाचला असता आणि आज हे काही नसतं. मला खरंच ठाऊक नाही."

"आनि नंतर? आठ म्हैने?"

दोन महिने रोज ती त्याच्या पोटाशी बसली होती. त्याच्या शेतातल्या भाताचा, पोराच्या नोकरीचा, भरतीओहोटीचा सगळा हिशेब तिला तोंडपाठ होता. हौसा उठून उभी राहिली. "तुझ्या तोंडाला काय झाला व्हता गो?" ती म्हणाली. ओरडली नाही. खरोखर विचारल्यासारखं विचारलं. "हात लावलास, फडकी बदललीस, पोटच्या लेकीसारी बोललीस आमच्याशी. आनि ह्या तेवढा गिळलास?" धोंडूने कूस बदलली आणि तोंड भिंतीकडे केलं. त्यानंतर सगुणा औषध घेऊन आली की तो म्हणायचा, "काशीरामाला पाठव." काशीराम यायचा. डॉक्टरांना सगळं कळलं तेव्हा ते आधी संतापले. मग ते स्वतः धोंडूकडे गेले, आणि सगळ्या आतड्यावरून हात फिरवायचा तो माझा होता, फिरवला नाही, असं त्याला सांगून आले. धोंडू भिंतीकडेच बघत होता, असं काशीराम म्हणाला.

शस्त्रक्रियेआधीचे ते चार दिवस सगुणाला आपल्या हातांचं ओझं वाटत होतं. भाजी चिरताना, केस बांधताना ती त्यांच्याकडे परक्या माणसाच्या हातांकडे बघावं तशी बघायची. लग्नात याच हातांवर मेंदी होती. नवरा तापाने फणफणला होता तेव्हा त्याच्या छातीत डाव्या बाजूला काहीतरी घरघरतंय हे याच हाताच्या तळव्याला कळलं होतं, आणि सासू म्हणाली होती, तुला काय कळतंय त्यातलं. तेव्हाही ती बोलली नव्हती. म्हणजे गप्प राहणं ती पुण्याला शिकलीच नव्हती. आधीपासून येत होतं. पुण्याने त्यावर शिक्का तेवढा मारला. हे लक्षात आलं तेव्हा ती चुलीपाशी उकिडवी बसलेली होती.

शस्त्रक्रियेच्या सकाळी आकाश स्वच्छ होतं. चैत्राचं ऊन खिडकीतून थेट टेबलावर आलं होतं. गॅसबत्ती लावावी लागली नाही. सगुणा अवजारं उकळायला ठेवून मागच्या पडवीत थांबली. धोंडूला आपण आत नको असणार. काशीरामाच्या भाच्याला हाताशी घ्यावं लागेल असं डॉक्टर आदल्या दिवशी म्हणाले होते. दोघा गड्यांनी धोंडूला उचलून टेबलावर ठेवलं. तो छताकडे बघत पडला. मग डॉक्टरांना म्हणाला, "ती बाय कुठं हाय?"

"का?"

"तिला बोलवा. ता कुठं हाय ता तिच्या हाताला ठावा हाय." तो जरा थांबला. "आनि ह्या येळेला तिला बोलायला सांगा."

सगुणा दारात येऊन उभी राहिली होती. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. काशीरामाने मुखवटा ठेवला आणि थेंब टाकायला सुरुवात केली. धोंडू आकडे मोजू लागला, आणि चौदावर त्याची जीभ जड झाली.

गाठ जिथे असायला हवी होती तिथेच होती, लहान आतडं मोठ्याला मिळतं त्याच्या थोडं वर. सुपारीचं लिंबू झालं होतं. डॉक्टरांनी आधी तिला हात लावला नाही. त्यांनी यकृतावरून हात फिरवला; तिथे काही नव्हतं. मग आतड्याच्या उजव्या टोकापासून सुरुवात करून, वर, आडवं, डावीकडे खाली, जुन्या टाक्यांच्या वळापर्यंत, बोटाबोटाने चाचपत गेले. घामाचा थेंब नाकावरून पडू नये म्हणून त्यांनी मान वळवली. "काही नाही," ते म्हणाले. "काशीराम?"

"नाडी चांगली आहे. एकशे दहा."

"बाई," डॉक्टर म्हणाले, "आता तुम्ही."

तिने हात घातला. ऊब. मोज्याच्या ठिगळातूनही ती ऊब कळत होती. तिने डोळे मिटले नाहीत, पण ती कुठेच बघत नव्हती. "ही मोठी गाठ," ती म्हणाली, आणि आपला आवाज त्या खोलीत ऐकून तिलाच दचकायला झालं. "हिच्या वर मऊ. इथे मळ आहे, दबतो. इथे वळण. मऊ. मऊ." ती आडव्या भागावर आली. चरबीचा पदर तिथे जाड होता. बोटं पुढे गेली, आणि थांबली, आणि एक बोटभर मागे आली. "थांबा."

"काय?"

"इथे आहे काहीतरी. चिंचोक्याएवढं."

डॉक्टरांनी तिच्या बोटांशेजारी आपली बोटं लावली. "मला नाही लागत."

"पदराच्या आत. मागच्या अंगाला. दाबा. दबत नाही."

काशीराम त्यांच्याकडे बघत होता. डॉक्टरांच्या कपाळावर आठी पडली. सगुणाला पुण्याची बादली दिसली, तिच्या तळाला चिकटलेलं फडकं दिसलं. आपण चुकत असू. ही नुसती चरबीतली गोळी असेल, आणि तिच्यासाठी या माणसाचं हातभर जास्त आतडं कापलं जाईल, अर्धा तास जास्त जाईल, आणि तो अर्धा तास त्याला झेपणार नाही. हे सगळं तिला दिसत होतं. "आहे," ती म्हणाली.

डॉक्टरांनी चरबीचा पदर हलकेच सोडवला, तो भाग उजेडात वळवून धरला. पुन्हा दाबून पाहिला. मग म्हणाले, "कात्री." आणि पहिल्या बेतापेक्षा वीतभर पुढे, निरोगी जागेवर, त्यांनी खूण केली. दोन्ही गाठी एकाच तुकड्यात बाहेर आल्या. लहान आतड्याचं तोंड उरलेल्या आतड्याला जोडताना सगुणा टाक्यामागून टाका मोठ्याने मोजत होती. तिला कुणी मोजायला सांगितलेलं नव्हतं. नाडी एकदा एकशे चाळीसवर गेली, परत उतरली. नंतर डॉक्टरांनी तो तुकडा चिरून पाहिला. चिंचोका आतून पांढुरका आणि खरखरीत होता. "तिसरी," ते म्हणाले, आणि भिंतीला टेकून खाली बसले.

पहिले पाच दिवस धोंडूचं काही खरं नव्हतं. ताप चढला, उतरला. पोट फुगलं. हौसा खाटेच्या पायाला पाठ लावून बसून असायची. सगुणाशी बोलायची नाही, पण तिने पाण्याचं भांडं पुढे केलं की घ्यायची. पुढची गोष्ट इथेच सांगून टाकायची तर, धोंडू त्यानंतर साडेतीन वर्षं जगला. वल्हं पुन्हा हाती धरलं नाही, धक्क्यावर बसून होड्यांना हाका मारायचा, आणि गेला तो हिवतापाने. पण आठव्या दिवशी सकाळी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सगुणा पट्टी बदलायला आली तेव्हा त्याने काशीरामाला बोलवायला सांगितलं नाही. ती चिकटलेली पट्टी पाण्याने भिजवून सोडवत होती. तो तिच्या हातांकडे बघत होता.

"किती निघाल्या?"

"दोन. श्रावणातली धरून तीन."

"आनि आता आत किती ऱ्हायल्या?"

एकही नाही, असं म्हणायचं असतं. रोग्याला तेच हवं असतं, आणि डॉक्टरही तेच म्हणाले असते. तो शब्द तिच्या ओठांपर्यंत आला. तिने पट्टी बाजूला ठेवली.

"माझ्या हाताला लागल्या तेवढ्या काढल्या. त्यापलीकडचं मला ठाऊक नाही."

धोंडूने नजर तिच्या चेहऱ्याकडे वळवली. त्याच्या चेहऱ्यावर क्षमा नव्हती. राग होता तोही तिथेच कुठेतरी होता, फक्त त्याने आता जागा बदलून घेतली होती. "हां," तो म्हणाला. "ह्या असा खरा कळला म्हंजे झाला." मग त्याने हौसाकडे पाहिलं, आणि तिला ऐकू जाऊ नये अशा आवाजात सगुणाला म्हणाला, "भूक लागली."

तिचे हात थांबले. "वारा सरला?"

तो लाजला. मिशीखाली काहीतरी पुटपुटला.

"नीट सांगा, धोंडूमामा. सरला का?"

"पहाटेच सरला," तो म्हणाला. "दोन येळा. पन असला काय बाईमानसाला सांगायचा? म्हणून गप ऱ्हायलंय."

सगुणाने वर पाहिलं. जोडलेलं आतडं चालू झाल्याच्या ज्या एका खुणेची आठ दिवस सगळं हॉस्पिटल वाट बघत होतं ती हा माणूस पहाटेपासून दाबून बसला होता. तिला हसू आलं, आणि हसताना डोळे भरून आले ते तिने दंडाला पुसले, कारण हातांना आयोडीन लागलं होतं. मग ती उठली, हात धुतले, हौसाजवळ गेली, आणि पहिल्यांदाच तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "हौसाबाई, घरी जा. पातळ पेज करून आणा. मीठ घालून."

हौसाने खांद्यावरचा हात पाहिला. झटकला नाही. "वरची निवळ, का शितं पन घालू?" तिने विचारलं.

"आज नुसती निवळ," सगुणा म्हणाली. "उद्याचं उद्या सांगते."